चार वायूंचं यंत्र: दोन वर्षं विहिरीत आणि बोटीत वापरल्यावर

तळहातावर मावणारं हे पिवळं यंत्र मी फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतलं. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड, चारही आकडे एकाच पडद्यावर दिसतात. आकडा मर्यादा ओलांडून गेला की ते कर्कश ओरडतं, लाल दिवे लुकलुकतात, खिशात असलं तर थरथरतं. मला ३८ हजारांना पडलं. हातपंप, दहा मीटर नळी आणि तपासणीच्या वायूचा छोटा सिलिंडर यांचे पैसे वेगळे. घरात प्रश्न आला, कोळशाच्या खाणीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता एवढे पैसे यात का घालायचे? मी म्हटलं, वाडीत अकरा विहिरी आहेत आणि खाली बंदरात बोटी आहेत, म्हणून.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीची यंत्रं चार-पाच चांगल्या कंपन्या बनवतात आणि आतली तत्त्वं सगळ्यांची सारखीच. माझं लिहिणं त्या जातीबद्दल आहे. जो कोणी विहिरीचा गाळ काढायचं काम घेतो, ज्याची बोट आहे, ज्याच्या सोसायटीत मैल्याची टाकी आहे, त्याने हे वाचावं एवढीच इच्छा.

मी देवगड तालुक्यातला. १९८१ साली मामाच्या ओळखीने विदर्भात एका भूमिगत कोळसा खाणीत लोडर म्हणून लागलो. पुढे गॅस टेस्टिंगचं सर्टिफिकेट काढलं, सरदार झालो, शेवटची बारा वर्षं ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचा, होतो. २०१८ ला गावी आलो. खाणीतला सरदार म्हणजे पाळी लागायच्या आधी आपल्या हद्दीतलं एकूण एक तोंड, म्हणजे कोळसा काढायची जागा, फिरून बघणारा माणूस. छत ठोकायचं, हवा बघायची, वायू मोजायचा, सगळं ठीक असेल तरच खडूने तारीख आणि सही टाकायची. ती सही दिसल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही.

आमच्या वेळी वायू मोजायला ज्योतीचा दिवा असे. जाळीच्या आत ज्योत, बाहेरून कुलूप. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली काढलेल्या दिव्याचाच तो नातू. वात अगदी बारीक करायची आणि दिवा हळूच छताकडे न्यायचा, कारण मिथेन हवेहून हलका, तो वर साचतो. वायू असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी किती उंच, त्यावरून टक्का ओळखायचा. परीक्षेत मला अंधाऱ्या खोलीत ती टोपी तीनदा दाखवली होती आणि तिसऱ्या वेळी हात कापत होता. चुकीचं सांगितलं तर उद्या माझ्यामागे वीस माणसं येणार, हे तेव्हाच डोक्यात बसलं. नंतर मिथेनोमीटर आले, आकडा थेट दिसू लागला, पण दिव्याने डोळ्यांना लावलेली सवय गेली नाही.

यंत्राचा पहिला मोठा घोळ इथेच होतो, म्हणून आधी तो सोडवतो. पडद्यावर ज्वलनशील वायूचा आकडा 'एलईएल' म्हणून, म्हणजे पेट घ्यायच्या खालच्या मर्यादेच्या टक्क्यांत, येतो. १० आला तर हवेत दहा टक्के वायू आहे असं लोक समजतात. तसं नाही. मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि १५ टक्क्यांच्या आसपासपर्यंत पेटत राहतो. यंत्र त्या ५ टक्क्यांना १०० धरतं. म्हणजे पडद्यावरचे १० म्हणजे हवेत अर्धा टक्का. कोळसा खाणीच्या नियमांत, १९५७ च्या आणि नंतर २०१७ च्याही, आयुष्यभर पाठ असलेला आकडा सव्वा टक्का होता. कुठेही वायू सव्वा टक्क्याच्या वर गेला की वीज बंद, माणसं बाहेर. हाच सव्वा टक्का या यंत्रावर २५ दिसेल. माझं यंत्र १० लाच ओरडतं. खाणीपेक्षाही आधी. हे मला फार आवडलं.

बाकीच्या तीन मर्यादा अशा: ऑक्सिजन १९.५ च्या खाली, कार्बन मोनॉक्साईड ३५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३५), हायड्रोजन सल्फाईड १० पीपीएम. हे आकडे कारखान्यातूनच लावून येतात. मी ते हलवले नाहीत आणि कोणी हलवू नयेत.

आता प्रत्यक्ष काम.

मे २०२४. शेजारच्या भाऊंच्या विहिरीचा गाळ काढायचा होता. विहीर जांभ्यात खोदलेली, छत्तीस फूट, खाली पुरुषभर पाणी. वरून पाणी ओढलं जाईना म्हणून पेट्रोलचा पंप दोरांनी मधल्या टप्प्यावर उतरवला आणि सकाळी तास-दीड तास चालवला. नऊ वाजता पंप बंद केला. चहा झाला. पंपाच्या नळीच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह (झडप) गाळात अडकला होता, तो सोडवायला एक पोरगा पायऱ्यांच्या खोबणींत पाय ठेवून उतरायच्या तयारीत.

मी म्हटलं, थांब.

"तात्यानू, दोन मिन्टाचा काम असा, फक्त हलवून येतंय."

नळी खाली सोडली. आठ फुटांवर सगळं ठीक. वीस फुटांवर कार्बन मोनॉक्साईड ४० वर गेला, यंत्र ओरडलं. पंप होता त्या टप्प्यावर आकडाच दिसेना, मर्यादेपलीकडची खूण आली. माझ्या यंत्राची त्या वायूची कमाल ५०० आहे. म्हणजे खाली ५०० च्या वर काहीतरी होतं, किती ते देवाला ठाऊक. आणि ऑक्सिजन? १९.८. म्हणजे ऑक्सिजनची घंटाही वाजली नसती.

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. ती वाईट नाही. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते, आमचा खाणीतला दिवाही तसाच विझायचा. पण त्या दिवशी कंदील सोडला असता तर तो झकास तेवत राहिला असता. पोरगा हसत उतरला असता. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, नुसती पायांतली ताकद जाते. विहिरीच्या खोबणीत पायांतली ताकद गेली की पुढचं सांगायला नको. तुर्कस्तानात सोमाच्या कोळसा खाणीत १३ मे २०१४ ला ३०१ माणसं गेली, त्यांतल्या बहुतेकांना या वायूनेच नेलं. इंग्लंडच्या खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत, तोही मुख्यतः याच्यासाठी, आणि १९८६ पर्यंत नेत होते.

आम्ही सोसायटीतून ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा पंखा, आणला, ताडपत्री शिवून जाड नळी केली आणि तिचं तोंड थेट तळापर्यंत सोडलं. खाणीत ब्रॅटिसचं कापड लावून हवा तोंडापर्यंत न्यायचो, तीच युक्ती. दीड तासाने कार्बन मोनॉक्साईड ७. आणखी अर्ध्या तासाने ०. मग पोराच्या कमरेला पट्टा, वर तीन माणसं दोर धरून, ब्लोअर चालूच, यंत्र त्याच्या छातीला. खरोखरच दोन मिनिटांचं काम होतं, दोन मिनिटांत झालं.

'दोन मिनिटं' हा शब्द मला ऐकवत नाही. त्याला कारण आहे.

१९९३ च्या पावसाळ्यात, दुसऱ्या पाळीला, मी सरदार होतो. एका तोंडावर छत ठोकलं तर आवाज पोकळ आला. खाणीत छताला 'चाल' म्हणतात. चांगली चाल सब्बलीच्या टोकाला टणटण वाजते आणि दुसरा हात लावला तर तळव्याला काही कळत नाही. सुटलेली चाल मडक्यासारखी बद्द बोलते आणि तळव्याखाली किंचित थरथरते. ती बद्द वाजली. मी सगळ्यांना मागे घेतलं, दोन फळ्या फुलीसारख्या आडव्या ठोकून वाट बंद केली आणि आधाराचं लाकूड मागवायला फोनवर गेलो. आमच्या सपोर्टवाल्याची सब्बल आत राहिली होती. "साहेब, दो मिनट" म्हणून तो फुलीखालून वाकून गेला. मी फोनचा कान खाली ठेवला तेव्हा आवाज झाला. दगड मोठा नव्हता. चार बाय तीन फूट असेल, वीतभर जाड. त्याच्या बायकोला सांगायला मी गेलो होतो. ती ताटात भात वाढून बसली होती, पाळी सुटायची वेळ झालीच होती.

फळ्या ठोकल्या होत्या, नियमाने माझी चूक निघाली नाही. पण त्यानंतर मी वाट बंद केली की तिथे एक माणूस उभा करून मगच हलायचो. पुढच्या पंचवीस वर्षांत माझ्या पाळीत चालीखाली माणूस गेला नाही.

हे या यंत्राच्या परीक्षणात का लिहितोय? कारण वायूचं यंत्र चाल सांगत नाही. आपल्या भूमिगत कोळसा खाणींत सुट्यासुट्या मृत्यूंचं मोठं कारण वर्षानुवर्षं चाल आणि बाजूच्या भिंती कोसळणं हेच राहिलं आहे, उघड्या खाणींत डंपर आणि तिथले रस्ते. वायू, धूळ आणि पाणी एकेकटा माणूस नेत नाहीत, पाळीच्या पाळी नेतात. आजच्या झारखंडातल्या धोरीला २८ मे १९६५ ला स्फोटात २६८ गेले. तिकडच्याच चासनाळ्यात २७ डिसेंबर १९७५ ला जुन्या, सोडून दिलेल्या कामात साचलेलं पाणी फुटून आत आलं आणि ३७५ माणसं बुडाली. मी तेव्हा सतरा वर्षांचा, देवगडला आजोबांच्या रेडिओवर ती बातमी ऐकली होती, आणि सहा वर्षांनी मी स्वतः खाली उतरत होतो. चासनाळ्यातल्या माणसांच्या हातात जगातलं सर्वांत महाग वायूयंत्र असतं तरी त्याचा उपयोग नव्हता. तिथे उपयोग होता शेजारच्या जुन्या कामाच्या खऱ्या नकाशाचा आणि मधल्या कोळशाच्या जाड भिंतीचा. तेव्हा यंत्र घेतलं म्हणजे आपण सुरक्षित झालो असं कोणी समजू नये. ते चार वायू सांगतं, बस.

आणि चारच सांगतं, हा त्याचा सर्वांत मोठा उणेपणा. विकणारे हे बोलत नाहीत.

विहिरीत पालापाचोळा कुजून जो वायू साचतो त्यात मुख्य कार्बन डायऑक्साईड असतो. हवेहून जड, तळाला बसलेला. चार वायूंचं यंत्र तो मोजतच नाही! लोकांना वाटतं ऑक्सिजन कमी झाला की कळेलच. हिशेब करून बघा. चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९. बाहेरून येऊन साचलेला कार्बन डायऑक्साईड ५ टक्के झाला, तर ऑक्सिजन उतरून साधारण १९.८ होईल. घंटा १९.५ ला. म्हणजे यंत्र गप्प, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साईडमध्ये माणसाचा श्वास फुलतो, डोकं ठणकतं, थोडा जास्त वेळ थांबला तर पडतो. खाणीच्या नियमात या वायूची मर्यादा अर्धा टक्का आहे. अर्धा! म्हणून माझा स्वतःचा नियम असा: तळाशी ऑक्सिजन २०.९ वरून २०.४ झाला की मी घंटा वाजल्यासारखंच वागतो. अर्धा टक्का ऑक्सिजन कमी होण्याचा अर्थ, जवळजवळ अडीच टक्के दुसरं काहीतरी तिथे येऊन बसलं आहे. ते काय आहे हे यंत्र सांगत नाही, तर मी ते वाईटच धरतो. कार्बन डायऑक्साईड मोजणारी पाच वायूंची यंत्रं मिळतात, महाग आहेत. फक्त विहिरींसाठी घेणार असाल तर माझं मत, थोडे पैसे जमवा आणि तेच घ्या. मला हे घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर मीही तेच घेतलं असतं.

बंदरातली गोष्ट वेगळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी शाकारलेल्या. जुलैच्या शेवटी तयारी सुरू होते. गेल्या वर्षी एका बोटीचा मासळीचा खण दोन महिने बंद होता, तळाला मासळीचं सडकं पाणी राहिलेलं. झाकण उघडलं तेव्हा कुजक्या अंड्याचा वास आला. खलाशी म्हणाले थोडा वेळ उघडं ठेवू. तासाभराने तांडेल, बोटीचा म्होरक्या, म्हणाला, "वास गेलो, आता उतराक हरकत नाय." मी दोरीला यंत्र बांधून खाली सोडलं. वर ओढून बघितलं तर हायड्रोजन सल्फाईडचा सर्वांत वरचा आकडा १३० नोंदलेला. झाकणाच्या तोंडाशी ४.

तांडेल माझ्याहून वयाने मोठा, चाळीस वर्षं समुद्रावर. तो कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला. मी त्यांना सांगितलं, हा वायू थोडा असेल तेव्हाच त्याचा वास येतो. शंभर पीपीएमच्या आसपास गेला की तो नाकच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नसतं, कधी कधी वायू वाढलेला असतो. आणखी चढला, सातशे-हजारच्या आसपास गेला, तर एक-दोन श्वासांत माणूस जागच्या जागी कोसळतो. मग वरचा भाऊ त्याला काढायला उतरतो, त्याला काढायला तिसरा. "म्हणजे नाकावर भरवसो नाय," तांडेल म्हणाला. त्यांनी खणात दिवसभर हवा मारली, पाणी पंपाने बाहेरूनच उपसलं आणि संध्याकाळी मला परत बोलावलं. तेव्हा ०, ऑक्सिजन २०.९. आता त्यांच्या बोटीवर हा नियम झाला आहे, आणि शेजारच्या दोन बोटीही विचारायला येतात.

या कामात दोरीचा एक धडा मिळाला. यंत्र नुसतं सोडलं तर खाली असताना पडदा दिसत नाही आणि खोल विहिरीत ओरडणंही नीट ऐकू येत नाही. त्याला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा साठवायची सोय असते. ती चालू आहे ना, ते आधी बघा. हातपंप आणि नळी असेल तर उत्तम, पण नळीतून हवा यायला वेळ लागतो. मी मीटरला तीन सेकंद धरतो आणि वर पूर्ण मिनिट थांबतो. घाईने दोनदा फुगा दाबून 'ठीक आहे' म्हणणं म्हणजे नळीतलीच जुनी हवा मोजणं. आणि तीन जागी मोजायचं: वर, मध्ये, तळाला. मिथेन वर, कार्बन डायऑक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड खाली, कार्बन मोनॉक्साईड जिथे पंप चालला तिथे.

खरेदीबद्दल थोडं. विकणाऱ्याने पहिल्यांदा जे यंत्र पाठवलं त्याच्या कॅलिब्रेशनच्या (आकडे तपासून जुळवल्याच्या) कागदावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती. मी तसंच परत पाठवलं. फोनवर सांगत होते, "काका, सेन्सर नवीनच आहे, चालतं." चालत नाही. खाणीत ज्या दिवशी यंत्र वापरायचं त्या दिवशी ते तपासलेलं असायलाच हवं. दुसऱ्यांदा नवीन तारखेचं आलं. भांडावं लागलं याचं वाईट वाटलं, कारण दहातले नऊ गिऱ्हाईक हा कागद बघणारच नाहीत.

पुतण्याने ऑनलाइन साडेचार हजारांचं चार वायूंचं यंत्र मागवलं होतं, दिसायला अगदी असंच. दोन्ही शेजारी ठेवून तपासणीचा वायू सोडला. त्या सिलिंडरमध्ये १०० पीपीएम कार्बन मोनॉक्साईड, २५ पीपीएम हायड्रोजन सल्फाईड, अडीच टक्के मिथेन आणि १८ टक्के ऑक्सिजन असतो. माझ्या यंत्राने १०२, २५, ५० आणि १८.० दाखवलं. स्वस्तातल्याने कार्बन मोनॉक्साईड ११ दाखवला आणि हायड्रोजन सल्फाईड शून्य. ओरडलंसुद्धा नाही. ते मी फोडून टाकायला लावलं, कोणाच्या हातात पडून त्यावर विश्वास ठेवला जाऊ नये म्हणून. शिवाय स्फोटक वायूत न्यायचं यंत्र असं बनवावं लागतं की त्याच्या आतली ठिणगी वायू पेटवू शकणार नाही. त्याचं प्रमाणपत्र असतं. कोळसा खाणीत तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता असल्याशिवाय असं यंत्र खाली नेताच येत नाही. खाली उतरताना आमच्या खिशांतून काडेपेटी, विडी काढून घेत. इथे लोक विहिरीत साधा बल्ब वायरने सोडतात, आणि मोबाइलचा टॉर्च दातांत धरून उतरतात.

तपासणीच्या वायूचा सिलिंडर हीच गावाकडची खरी अडचण आहे. देवगडला मिळत नाही. पुण्याहून यावा लागतो, कुरिअरवाले वायू म्हटलं की घेत नाहीत, आणि सिलिंडरलाही मुदत असते. मी कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी एकदा वायू दाखवतो, चारही घंटा वाजतात का बघतो. सिलिंडर संपला असेल तर निदान यंत्रावर सावकाश श्वास सोडून बघतो. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन सोळा-सतरा टक्के असतो, त्यामुळे ऑक्सिजनची घंटा वाजायला हवी. पण एवढ्याने फक्त एकच डोळा उघडा आहे हे कळतं, बाकीचे तीन नाही. तेव्हा अशा दिवशी मी कोणाला उतरू देत नाही.

खारी हवा सेन्सरच्या जाळीवर बसते. पहिल्या पावसाळ्यात जाळी शेवाळल्यासारखी काळी झाली होती आणि हायड्रोजन सल्फाईडचा आकडा चढायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागू लागला. जाळी बदलली, ठीक झालं. आता डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. ज्वलनशील वायूचा सेन्सर सिलिकोनच्या स्प्रेने मरतो, तो बोटीवर इंजिनाला, रबराला मारतात. यंत्र त्याच्याजवळ ठेवू नका. त्या सेन्सरला काम करायला ऑक्सिजनही लागतो. ऑक्सिजन अगदी कमी असेल तिथे तो वायू कमी दाखवतो. म्हणून पडद्यावर आधी ऑक्सिजन वाचायचा, मग बाकीचं.

बॅटरी एका चार्जवर दिवसभर सहज जाते. बटण एकच, बोट ओलं असलं तरी दाबता येतं. दुपारच्या उन्हात पडदा वाचायला हाताची सावली करावी लागते. सोबतची पुस्तिका इंग्रजीत. मी चार ओळी मराठीत लिहून पाठीवर चिकटवल्या आहेत: ऑक्सिजन २०.४ च्या खाली, थांबा. कोणतीही घंटा, बाहेर या. आत पडलेल्यासाठी आत जाऊ नका. दोर ओढा.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीवरून वाडीत माझं बोलणं झालं. एकजण म्हणाला, "सख्खो भाव खाली पडलो तर गप ऱ्हवाचा?" मी त्याला बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर खाणीचं सांगितलं. नोव्हेंबर १९८९. पाणी फुटलं, ७१ जण अडकले, सहा गेले, ६५ जिवंत होते. कोणी आंधळेपणाने उडी घेतली नाही. वरून जमिनीत भोक पाडलं, त्यातून जाईल असा पोलादी पिंजरा बनवला आणि अभियंता जसवंतसिंग गिल त्यातून स्वतः खाली गेले. एकेक करून ६५ च्या ६५ वर आले, गिल शेवटी. भावावरचं प्रेम म्हणजे पट्टा आधी बांधणं, दोर आधी लावणं. पट्टा असेल तर बेशुद्ध माणूसही वरून ओढून काढता येतो, खाली कोणाला जावं लागत नाही. तो बराच वेळ बोलला नाही. पुढच्या आठवड्यात दोन पट्टे घेऊन आला.

जयगड आणि धरमतरच्या बंदरांत जहाजांतून कोळसा उतरतो. तिथे काम करणारी आमच्या भागातली पोरं आहेत, त्यांच्यासाठी एवढंच. कोळसा जमिनीबाहेर आला म्हणजे शांत झाला असं नाही. तो हवेतला ऑक्सिजन खात राहतो, कार्बन मोनॉक्साईड सोडतो, कधी मिथेनही. जहाजाच्या बंद होल्डमध्ये (माल भरायच्या कप्प्यात) नुसता कोळसा भरलेला असला तरी आत ऑक्सिजन माणूस पडेल इतका उतरू शकतो. तिथे मोजल्याशिवाय शिडीवर पाय ठेवू नका, कोणीही सांगितलं तरी.

घ्यावं का? एका घराने घ्यायची ही वस्तू नाही. वाडीने, मच्छीमार सोसायटीने, ग्रामपंचायतीने एक घ्यावं, दोन माणसांना नीट शिकवावं आणि सिलिंडरचे पैसे दरवर्षी बाजूला काढावेत. कोणाला शिकायचं असेल तर मी येऊन शिकवीन, पैसे नकोत.

माझं यंत्र सध्या कॅलिब्रेशनला पुण्याला गेलं आहे. ऑक्सिजनचा सेन्सर दोन वर्षांत थकतो, तोही बदलायला सांगितला आहे. दहा दिवस लागतील म्हणाले. वरच्या आळीतल्या काकूंच्या विहिरीचा गाळ याच आठवड्यात काढायचं ठरलं होतं, गडी ठरले होते, त्यांना अर्धी मजुरी देऊन परत पाठवलं. विहिरीवर झाप टाकून बांधून घेतला आहे आणि कठड्यावर खडूने लिहिलं आहे: बंद. काकूंनी दोन कळशा आमच्या विहिरीवरून न्यायच्या ठरवल्या आहेत.